जाळरेषेची परवानगी: माझा अनुभव

आमच्या पठारावर कंदीलपुष्पाचे मोजून चौदा वेल आहेत. पठाराचं नाव लिहीत नाही. कंद उकरून नेणारे टपलेलेच असतात.

पावसाळा सरला की वेल वाळतो, कंद मातीत झोपतो. वरचं गवत भर्रकन जळून गेलं तर त्याला सहसा झळ लागत नाही. जळतं ते म्हातारीसारखं उडून पडलेलं बी, आणि वेल ज्यांच्या आधाराने चढतो ती झुडपं. म्हणून जाळरेषा. दोन कडांचं गवत कापायचं, मधला पट्टा आपणच आधी जाळायचा. वणव्याला तिथे खायला काही उरत नाही.

हे काम अर्ध्या दिवसाचं. परवानगीला अडीच महिने लागले.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला वनखात्यात अर्ज दिला. विषय लिहिला ‘दुर्मिळ वनस्पतींसाठी नियंत्रित आग लावण्याबाबत’. तिथेच माती खाल्ली. साहेबांनी ‘आग’ या शब्दावर बोट ठेवलं. “वन अधिनियम १९२७, कलम २६ वाचलंय का?” वाचलं होतं. राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे, म्हणून तर अर्ज! पुढच्या खेपेला साहेब दौऱ्यावर. त्यापुढच्या खेपेला कळलं, पठाराचा एक तुकडा गायरान आहे, महसूलचं पत्र आणा. महसूलवाले म्हणाले, आग हा वनखात्याचा विषय. डिसेंबर असाच गेला. गवत रोज जास्त कडकडीत होत होतं, आणि १५ फेब्रुवारीला वणव्याचा हंगाम लागतो. त्यानंतर जाळरेषा काढायला जाणं म्हणजे आपणच वणवा पेटवणं.

सुटका केली ती एका वनरक्षकाने. “आग शब्द काढा, जाळरेषा लिहा. ते आमचं दरवर्षीचंच काम. तुम्ही श्रमदान करताय म्हणा.” गायरानाचा तुकडा वगळला, नकाशा जोडला. नऊ दिवसांत पत्र हातात!

तेव्हा अर्ज पावसाळ्यातच द्या. शिक्क्याची पोच घ्या, माझी पहिली प्रत ‘सापडत नव्हती’. जाळायचं ते सकाळी, वारा पडलेला असताना. हां, आणि ऑगस्टमध्ये वेल फुलावर असतानाच प्रत्येकापाशी दगडांची खूण करा. जानेवारीत जमिनीवर काहीच दिसत नाही, आम्ही एका कंदावरूनच पट्टा नेत होतो.

मार्चमध्ये कुणीतरी, पुढच्या वर्षी गवत जोमाने येतं म्हणून, खालून पेटवलं. आग रेषेपाशी येऊन विझली. गायरानाचा तुकडा मात्र काळा पडला. चौदांतले तीन वेल तिथे आहेत.