डोळ्यांची खाज, चुकीचे ड्रॉप आणि टेबल फॅनसमोर निवडलेला चष्मा

2024 च्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीची गोष्ट. गोव्यात अस्नोड्याला आमचं घर जुनं, मातीच्या भिंती, वर कौलं. चवथ जवळ आली की माळ्यावरून माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायची, लाकडी चौकट खाली काढायची, वर्षभर गुंडाळून ठेवलेल्या गोधड्या झाडायच्या, पावसाने सगळ्याला पांढरी बुरशी धरलेली असते ती पुसायची. ते काम मी एका रविवारी सकाळपासून केलं आणि संध्याकाळी आरशात बघते तर डोळे कोकमाच्या आगळासारखे लाल, पापण्या सुजलेल्या, आणि खाज तर अशी की बोटं आपोआप डोळ्यांकडे जायची. सासूबाई सारख्या सांगत होत्या, "चोळूं नाका गो!" पण चोळल्याशिवाय राहवतच नव्हतं.

मला वाटलं डोळे आले. दुसऱ्या दिवशी फार्मसीत जाऊन सांगितलं, फार्मसीवाल्याने काही न विचारता थेंबांची एक बाटली काढून दिली. दोन दिवसांत डोळे एकदम स्वच्छ! मग काय, खाज आली की तीच बाटली. संपली की नवीन. चिठ्ठी कोणी मागितली नाही आणि मीही बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं नाही. असं जवळजवळ पाच महिने चाललं.

आणि खाज जाणार तरी कशी, मी रोज स्कूटरने म्हापसा, पर्वरी करत पणजीला कामाला जाते. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून तिथली धूळ ज्यांनी खाल्लीय त्यांना सांगायला नको. पावसात चिखल, ऊन पडलं की त्याच चिखलाची लाल पूड होऊन हवेत. मांडवी पुलावर पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत असायचं, पुढची गाडी धूसर दिसायची, एकदा तर बाजूला थांबून डोळे पुसूनच पुढे जावं लागलं.

जानेवारीत दिव्यांभोवती वलयं दिसायला लागली तेव्हा घाबरले आणि म्हापशाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. बाटली सोबत नेली होती, ते बरं झालं. डॉक्टरांनी आधी बाटली वाचली, मग मशीनवर हनुवटी टेकवायला लावून वरची पापणी उलटी करून बघितली, आणि शेवटी डोळ्यांचं प्रेशर घेतलं. उजव्याचं 27, डाव्याचं 25. साधारण 10 ते 21 च्या मधे असायला हवं म्हणे. "ताई, हे स्टिरॉइड आहे. अजून काही महिने घातलं असतं तर काचबिंदूच्या वाटेवर गेला असतात," असं त्या शांतपणे म्हणाल्या आणि माझे हातपाय गार पडले. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. स्टिरॉइडचे थेंब वाईट असं नाही, गरज असेल तेव्हा डॉक्टर देतात, पण तेव्हा प्रेशर बघत राहतात आणि किती दिवस घालायचे ते ठरवून देतात. आपल्या मनाने महिनोन् महिने घातले तर मोतीबिंदूही होऊ शकतो. कृपा करून फार्मसीतून लाल डोळ्यांसाठी काही घेताना त्यात स्टिरॉइड आहे का ते विचारा, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

मग त्यांनी नीट समजावलं. दोन्ही डोळ्यांना खाज, पातळ पाणी किंवा दोऱ्यासारखा चिकटा, हे बहुतेक वेळा ॲलर्जीचं लक्षण. सकाळी पापण्या पिवळ्या पुवाने चिकटलेल्या असतील तर जंतूंचा संसर्ग असू शकतो, त्याचा इलाज वेगळा. माझ्या पापणीच्या आत बारीक दाणे आले होते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापणीच्या आत जे पातळ आवरण असतं, त्यातल्या काही पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात म्हणून खाज येते, आणि आपण चोळलं की त्या आणखी सोडतात, म्हणजे चोळून खाज वाढतेच. वर्षानुवर्षं जोरात चोळलं तर बुबुळ पातळ होऊन पुढे टोकदार येण्याचा धोकाही असतो. हे ऐकल्यावर मात्र माझं चोळणं बंद झालं, सासूबाईंनी न ओरडता.

स्टिरॉइड बंद झालं. ओलोपॅटाडिन या ॲलर्जीच्या औषधाचे थेंब दिवसातून दोनदा, आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू, ते मी फ्रीजमध्ये ठेवते. गार थेंब डोळ्यांत पडला की जो आराम मिळतो ना! त्याशिवाय फ्रीजच्या पाण्यात बुडवून पिळलेला स्वच्छ रुमाल बंद डोळ्यांवर दहा मिनिटं. घरी आलं की आधी तोंड धुवायचं, आणि झोपायच्या आधी केस धुवायचे किंवा निदान ओल्या फडक्याने पुसायचे, नाहीतर दिवसभराची धूळ उशीवर जाते. उशांचे अभ्रे आणि चादरी आठवड्याला कढत पाण्यात. आपल्या गोव्याच्या दमट हवेत डस्ट माइट (धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे) आणि बुरशी दोघांनाही चांगलं फावतं, त्यामुळे कापसाची जुनी गादी मी काढूनच टाकली. काम थोडं वाढलं, पण वाढू दे.

आता स्कूटरवर वारा आणि धूळ अडवायच्या चष्म्याचं सांगते, कारण त्यात मी सगळ्यात जास्त फिरले. आधी शुक्रवारच्या बाजारातून 250 रुपयांचा काळा गॉगल घेतला होता. काळोख तेवढा झाला, बाजूने वारा तसाच आत. शिवाय काच नुसती काळी असून यूव्ही, म्हणजे उन्हातली अतिनील किरणं, अडवत नसेल तर उलटा तोटा, कारण अंधारात बाहुली मोठी होते आणि किरणं जास्त आत जातात. यूव्ही 400 असं खात्रीने सांगणाराच घ्यायचा. पोलराइज्ड घेतला तर पाण्यावरची चमक कमी होते, पण धुळीला त्याने काही होत नाही, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

मग म्हापशाच्या एका चष्म्याच्या दुकानात हेल्मेट घेऊनच गेले. माझा नंबर उणे सव्वादोन आणि थोडा सिलिंडर, म्हणजे बुबुळाच्या असमान गोलाईचा नंबर. चष्मेवाल्याने पहिली कानापर्यंत वळलेली फ्रेम दाखवली, पण स्वतःच म्हणाला की एवढ्या वळणावर तुमचा नंबर बसवला तर कडेचं वाकडं दिसेल, थोडं कमी वळणाची घ्या. खरं बोलला म्हणून बरं वाटलं. त्याच्या काउंटरवर टेबल फॅन होता. मी तो फुल करून त्याच्यासमोर उभी राहिले आणि एकेक फ्रेम घालून बघितली. एकीत भुवईवरून वारा येत होता, एकीत गालाजवळून, तिसरीत पापण्यांचे केस काचेला लागत होते. चौथी घातली आणि वारा कपाळावर लागला, डोळ्यांवर नाही. तीच घेतली. आतून फोमची काढता येणारी किनार, सिलिकॉनचे नाकाचे पॅड, पॉलिकार्बोनेटची पारदर्शक काच, आणि काड्या पातळ, कारण जाड काड्या हेल्मेटमध्ये कानशिलाला टोचतात. पारदर्शक अशासाठी की परतताना संध्याकाळ होते, रात्री रंगीत काच नकोच. उन्हात रंग बदलणारी काच मी मुद्दाम घेतली नाही, हेल्मेटची काच यूव्ही अडवते त्यामुळे ती आत नीट काळी होत नाही.

एक त्रास झालाच. जुलैमध्ये फोमला वास यायला लागला, काढून बघितलं तर आत काळे ठिपके, म्हणजे बुरशी डोळ्यांना चिकटवूनच मी फिरत होते! आता दर रविवारी किनार काढून साबणाने धुते, पंख्याखाली पूर्ण सुकवते, आणि एक जास्तीची घेऊन ठेवलीय.

स्टिरॉइड बंद केल्यावर सहा आठवड्यांनी प्रेशर 17 आणि 16 आलं, वलयं गेली. गेल्या वर्षी चवथीआधी माटोळीची चौकट मी अंगणातच उतरवून ओल्या फडक्याने पुसली, तोच चष्मा आणि तोंडाला ओढणी बांधून. गोधड्या झाडायचं काम नवऱ्याने केलं. संध्याकाळी थोडं पाणी आलं, गार रुमाल ठेवला आणि अर्ध्या तासात नेवऱ्या (करंज्या) करायला बसले.