तुम्ही विचारलंत म्हणून: कापोरेत्तोला दोष कुणाचा?

पहिल्या महायुद्धातल्या इटलीचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. कापोरेत्तो हे इसोंझो नदीकाठचं गाव; तिथे ऑक्टोबर १९१७ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरी आणि जर्मनीच्या फौजांनी इटलीचा मोठा पराभव केला. तिथे इटालियन सैनिक कच खाऊन पळाले, की सेनापती लुइजी कादोर्ना चुकले? सैनिकांवरचा आरोप मला मुळीच मान्य नाही.

जून १९१५ पासून सप्टेंबर १९१७ पर्यंत कादोर्नांनी इसोंझो नदीवर ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध अकरा लढाया लढवल्या. आधी तोफांचा मारा, मग समोरून चढाई. सुरुवातीला जड तोफाच अपुऱ्या होत्या. त्यामुळे काटेरी तारा शाबूत राहत आणि त्यांत अडकलेलं पायदळ मशीनगनच्या तोंडी जाई. कार्सोच्या चुनखडी पठारावर तर गोळा फुटला की दगडाच्या कपच्याही जीव घेत. काही तुकड्यांत शिक्षा म्हणून चिठ्ठ्या टाकून माणसं निवडली आणि गोळ्या घातल्या. दोनशेहून अधिक जनरल पदावरून काढले. अशा सेनापतीला वाईट बातमी कोण सांगणार?

१८ सप्टेंबर १९१७ ला त्यांनी बचावाचा आदेश दिला खरा, पण दुसऱ्या सेनेचे प्रमुख कापेल्लो प्रतिहल्ल्याच्याच विचारात राहिले आणि कादोर्नांनी आदेशाची अंमलबजावणी करून घेतली नाही. २४ ऑक्टोबरच्या पहाटे इसोंझो खोऱ्यातल्या बोवेत्सजवळ शत्रूने विषारी वायू सोडला. इटालियन मुखवटे त्यापुढे निकामी ठरले. त्याच खोऱ्यातल्या तोल्मीनसमोर इटालियन जनरल बादोल्यो यांच्या तोफा हुकमाची वाट बघत गप्प राहिल्या, कारण टेलिफोनच्या तारा तुटल्या होत्या. इटालियन फौज डोंगरमाथ्यांवर होती. जर्मनांची १२वी डिव्हिजन मात्र खालून नदीकाठाने चालत दुपारी कापोरेत्तोत पोचली. माथ्यावरचे सैनिक मागूनच कोंडले गेले. जवळ पुरेशी राखीव फौज नव्हती. अडीच लाखांहून अधिक सैनिक कैद झाले आणि तीन हजारांच्या आसपास तोफा गेल्या.

२८ ऑक्टोबरच्या युद्धपत्रकात कादोर्नांनी दुसऱ्या सेनेच्या तुकड्यांवर भ्याडपणाचा ठपका ठेवला. हे मला पराभवाहून जास्त लागतं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना हटवून आर्मांदो दियाझ यांना आणलं. दियाझ यांनी रजा वाढवली, जेवण सुधारलं, आणि याच सैन्याने पिआव्हे नदीची फळी धरून ठेवली.

एक श्रेय मात्र कादोर्नांचंच. पिआव्हेमागे सरकण्याचा हुकूम त्यांचा होता. शिवाय त्या फळीचा डोंगरी आधार असलेल्या ग्राप्पा पर्वतावर चढणारा रस्ता त्यांनी पराभवाच्या आधीच बांधायला घेतला होता. तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.