बेकन, चीज आणि जानेवारीतला कोळसा : एका कापडवाल्याच्या मृत्युपत्रामागे

इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये शिरणारे बहुतेक लोक डावीकडे वळतात, जेन ऑस्टिनच्या समाधीकडे. मी आणि माझी पुतणी उजवी बाजू धरून पुढे गेलो. दक्षिणेच्या अंगाला प्रायर सिल्कस्टेडचं म्हणून एक लहानसं चॅपल आहे. तिथे जमिनीत काळ्या दगडाची फरशी बसवलेली आहे. आयझॅक वॉल्टन, मृत्यू १५ डिसेंबर १६८३, वय नव्वद. वरच्या रंगीत काचेच्या खिडकीत तो नदीकाठी पुस्तक घेऊन बसलेला दिसतो. ही खिडकी १९१४ साली बसवली, गळ टाकून मासे धरणाऱ्यांनी पैसे जमवून. मासेमारीवरच्या त्याच्या १६५३ सालच्या पुस्तकामुळे जग त्याला ओळखतं.

मी मात्र त्याच्या पुस्तकासाठी गेलो नव्हतो. मला कापडवाला वॉल्टन भेटायला हवा होता.

आमचं घर कापडवाल्याचं. बार्शीला अण्णांचं दुकान होतं. पांढरी गादी, मागे लोड, कपाटात ताग्यांच्या रांगा, आणि गल्ल्याशेजारी लाल बासनात बांधलेल्या वह्या. अण्णा मृत्युपत्र न करता गेले. नंतर वाटणीला चार वर्षं लागली आणि त्या चार वर्षांत घरात काय काय झालं ते इथे सांगत नाही. माझी पुतणी मधुरा बर्मिंगहॅमला नोकरी करते. यंदा ऑगस्टमध्ये तिच्याकडे गेलो, तर तिने चार छापील पानं हातात ठेवली. म्हणाली, "काका, हे वाचा. अण्णाआजोबांसारखा माणूस दिसतोय, फक्त यानं सगळं लिहून ठेवलंय." ते वॉल्टनचं मृत्युपत्र होतं. लंडनहून विंचेस्टरला जाणाऱ्या तासाभराच्या गाडीत मी ते दोनदा वाचलं. मग आमची पुढची सहल त्या कागदावरच ठरली.

आधी माणूस सांगतो. जन्म १५९३ चा, स्टॅफर्ड गावातला. वडील दारूचा गुत्ता चालवायचे. पोरगा अगदी लहान असतानाच ते गेले. पुढे तो लंडनला कापडाच्या धंद्यात उमेदवारीला लागला आणि १६१८ मध्ये लोखंडवाल्यांच्या संघाचा सभासद झाला. विकायचं कापड आणि संघ लोखंडवाल्यांचा, हे वाचून मी अडखळलो होतो. पण लंडनमध्ये तेव्हा कुठल्याही एका संघाचं सभासदत्व मिळालं की शहरात धंदा करायची मुभा मिळे, मग धंदा दुसरा असला तरी चालायचं. फ्लीट स्ट्रीटवर चान्सरी लेनच्या जवळ त्याचं दुकान होतं. पहिल्या बायकोपासून झालेली सातही मुलं लहानपणीच गेली, आणि १६४० मध्ये ती बायकोही गेली. दुसऱ्या लग्नाची अॅन केन १६६२ मध्ये वारली. मागे राहिली दोन मुलं, मुलगी अॅन आणि मुलगा आयझॅक. म्हातारपणी तो मुलगी-जावयाकडे राहत असे. जावई डॉक्टर हॉकिन्स विंचेस्टरच्या याच कॅथीड्रलमध्ये धर्माधिकारी होता.

मृत्युपत्राची तारीख ९ ऑगस्ट १६८३. सुरुवातीला देवाचं स्मरण आणि स्वतःच्या श्रद्धेविषयी चार ओळी आहेत. मग तो मिळकतीकडे वळतो आणि कंसात एक वाक्य घालतो. मराठीत ते साधारण असं होईल : ही मिळकत मी खोटेपणाने, खुशामतीने किंवा कायद्याच्या क्रूरपणाने मिळवलेली नाही. गाडीत मी इथेच थांबलो. आयुष्यभर माप घालून कापड विकणाऱ्या माणसालाच हे वाक्य लिहिता येतं आणि तसं लिहावंसंही वाटतं. गजात दोन बोटं कमी घातली तर दिवसाला किती सुटतात, हे त्याला कुणापेक्षाही चांगलं माहीत असतं.

पुढे वाटणी. मुलगी आणि जावई दोघांच्या नावे लंडनमधले दोन भाडेपट्टे. पॅटर्नोस्टर रोमधल्या घर-दुकानातला त्याचा हिस्सा, ज्याची अजून सुमारे पन्नास वर्षं उरली होती, आणि चान्सरी लेनमधलं घर, ज्याची सोळा वर्षं उरली होती. एक लांब मुदतीचा, एक आखूड. त्या दोन जागांवरून पुढे काही देणं निघालं तर ते त्यांनीच भागवायचं, त्याची झळ मुलाला लागू द्यायची नाही, हेही लगेच बजावलं आहे. त्या काळी लग्न झालेल्या बाईची मिळकत नवऱ्याच्या ताब्यात जायची, म्हणून दोघांची नावं एकत्र. तो जुना पॅटर्नोस्टर रो आता राहिलेला नाही. सेंट पॉलच्या सावलीतला तो पुस्तकवाल्यांचा रस्ता डिसेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेला. आम्ही लंडनला होतो तेव्हा तिथल्या नव्या चौकात सँडविच खाल्लं आणि निघालो. पाहण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

मुलाला दोन शेतं. एक बिशपकडून पट्ट्याने घेतलेलं, दुसरं स्टॅफर्डजवळचं स्वतः विकत घेतलेलं. या दुसऱ्याला एक अट जोडली आहे आणि तिथे बापाचं मन उघडं पडतं. मुलगा तेव्हा एकतीस वर्षांचा, धर्मगुरू, अविवाहित. वॉल्टन लिहितो, मुलाने एक्केचाळीस वर्षांचा होईपर्यंत लग्न केलं नाही, किंवा केलं पण वारस मुलगा मागे राहिला नाही, तर हे शेत माझ्या जन्मगावाला, स्टॅफर्डला द्यावं. म्हणजे मुलाला दहा वर्षांची मुदत. दटावणी कुठेही नाही. तागाभर कापड उरलं तर त्याचं काय करायचं, एवढा विचार आधी करून ठेवावा, तसं आहे हे.

अंगठ्यांचा परिच्छेदही असाच. मुलगा, मुलगी आणि जावई यांना एकेक अंगठी, त्यावर शब्द कोरायचे : 'माझी आठवण प्रेमाने ठेवा.' जावयाबद्दल लिहिलंय, ज्याच्यावर मी स्वतःच्या मुलासारखं प्रेम करतो. विंचेस्टरच्या बिशपच्या अंगठीवरचे शब्द आपल्याकडे 'लाखाच्या बदल्यात दमडी' असे होतील. बिशपने त्याला वर्षानुवर्षं आसरा दिला होता, हे त्या चार शब्दांत आलं. इतर मित्रांसाठी 'मित्राचा निरोप'. प्रत्येक अंगठी तेरा शिलिंग चार पेन्सची, आणि मृत्यूनंतर चाळीस दिवसांत पोचली पाहिजे. बिशपची महाग आणि मित्राची स्वस्त, असं नाही. सगळ्यांची एकाच भावाची. तेव्हा पौंडाचे वीस शिलिंग आणि शिलिंगचे बारा पेन्स असत; तेरा शिलिंग चार पेन्स म्हणजे पौंडाचे बरोबर दोन तृतीयांश, हे मधुराने फोनवर हिशेब करून दाखवलं. मी म्हटलं, अण्णांनी तो तोंडी केला असता.

आणि मग ती ओळ, जिच्यासाठी मी हे सगळं लिहितोय. मुलाला तो सांगतो : तुझ्या बीचम मावशीला सांभाळ. तिला वर्षाला सुमारे पन्नास शिलिंग दे, बेकन आणि चीजसाठी, त्याहून जास्त नाही. तिच्या मुलाच्या जेवणाखाणासाठी वर्षाला चार पौंड भर. रोझ केनला तिची गरज आणि तुझी ऐपत बघून दे. शेवटी म्हणतो, ती चांगली माणसं आहेत.

गाडी बेझिंगस्टोकच्या आसपास होती. मी कागद मांडीवर ठेवला आणि खिडकीतून बाहेर बघत बसलो.

कारण आमच्याकडेही आत्या होती. आहे. अण्णांची धाकटी बहीण, अठ्ठाविसाव्या वर्षी विधवा होऊन परत आलेली. मागच्या दोन खोल्यांत ती राहायची आणि दर महिन्याच्या एक तारखेला दुकानातला पोऱ्या तिच्याकडे किराणा पोचवायचा. अण्णांनी हे कधी कुणाला सांगितलं नाही, वहीतही वेगळं खातं नव्हतं. ते गेल्यावर वाटणीचे कागद झाले तेव्हा त्यात आत्याचं नाव कुठेच नव्हतं. मुलं हयात असताना वडिलांच्या बहिणीला आपल्या वारसा कायद्यात वाटा मिळत नाही. वकिलांचं काही चुकलं नाही. आम्ही तिघं भाऊच विसरलो. सात महिने तिच्याकडे काहीही गेलं नाही आणि तिने एकदाही तोंड उघडलं नाही. शेजारच्या काकूंनी दादाला बोलून दाखवलं, तेव्हा कळलं.

वॉल्टनने बेकन आणि चीज का लिहिलं असेल, हे मला त्या गाडीत कळलं. नुसतं 'मावशीला बघ' असं लिहिलं असतं तर मुलाने मान डोलावली असती आणि वर्ष गेलं असतं. आकडा आणि जिन्नस लिहिला की विसरायला जागा उरत नाही. 'जास्त नाही' हे शब्दही मला कोते वाटत नाहीत. मुलाला झेपेल एवढंच ओझं त्याच्यावर टाकलं म्हणजे ते वर्षानुवर्षं उचललं जातं, हे त्याला ठाऊक होतं.

नोकर थॉमस एजहिलला पाच पौंड आणि सगळे कपडे, मी मरेन तेव्हा तो नोकरीत असेल तर. नसेल तर फक्त कपडे. त्यातून एक जोड मात्र दुसऱ्या एका ओळखीच्याला. जुना मित्र रिचर्ड मॅरियट, ज्याने त्याचं पुस्तक प्रसिद्ध केलं, त्याला दहा पौंड, तीन महिन्यांच्या आत. मुलाला उशाजवळचं छोटं कपाट, ज्यात अशा काही लहानसहान वस्तू आहेत 'ज्यांची किंमत फारशी नाही, पण त्याला त्यांचं मोल वाटेल'. आणि स्वतःसाठी एवढंच मागितलं : मरेन तिथेच जवळपास पुरा, गाजावाजा आणि खर्च न करता.

तीन दिवसांनी स्टॅफर्डला गेलो. बर्मिंगहॅमहून अर्ध्या तासाची गाडी. सेंट मेरी चर्चमध्ये तो दगडी बाप्तिस्मा-कुंड आहे, ज्यात २१ सप्टेंबर १५९३ रोजी वॉल्टनचा बाप्तिस्मा झाला. सिंह कोरलेला, ओबडधोबड, खूप जुना. हात फिरवला तर थंडगार. भर रस्त्यावर १५९५ मध्ये बांधलेलं लाकडी चौकटींचं प्रचंड घर अजून उभं आहे. गुत्तेवाल्याच्या दोन वर्षांच्या पोराने ते बांधताना पाहिलं असणार.

तिथून टॅक्सीने शॅलोफर्डला. स्टॅफर्डपासून आठेक किलोमीटर, शेतं, कुंपणाच्या झुडपांमधून जाणारा अरुंद रस्ता, आणि अगदी लगत रेल्वेमार्ग. मुलगा आयझॅक शेवटपर्यंत अविवाहित राहिला, १७१९ मध्ये वारला. म्हणून बापाची अट लागू झाली आणि हे शेत स्टॅफर्डला मिळालं. शेतावरच्या छोट्या घरात आता वॉल्टनचं संग्रहालय आहे. खाली बुटक्या तुळया, मोठी चूल, बाहेर वाफे. गळ आणि काठ्यांची दालनं मधुराने पटकन उरकली. मी चुलीपाशी बाकड्यावर बसून कागद काढला.

या शेताचं भाडं तेव्हा वर्षाला एकवीस पौंड दहा शिलिंग होतं. वॉल्टन आधी सांगतो की कोठार आणि घर दुरुस्त ठेवलंत तर एवढं भाडं येत राहील. मग वाटप. दहा पौंड दरसाल दोन मुलांना, गरीब पण सचोटीच्या आईबापांची पोरं, कुठल्यातरी धंद्यात किंवा हातकामात उमेदवारीला लावायला. पाच पौंड एका मोलकरणीला, जी एकाच घरी बराच काळ राहिली, किंवा गरिबाच्या मुलीला, लग्नाच्या दिवशी. वय एकवीसच्या खाली नको. एक पौंड मेयर आणि भाडं गोळा करणाऱ्यांच्या खर्चाला. काम करणाऱ्याला त्याचं काहीतरी मिळालं पाहिजे, हे व्यापारी विसरत नाही. उरले साडेपाच पौंड. त्याचा गरिबांसाठी कोळसा. तो कधी वाटायचा, तर जानेवारीच्या शेवटच्या किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, कारण 'तो काळ गरिबांना सर्वांत कठीण आणि बोचरा जातो असं मला वाटतं'. आणि स्टॅफर्डच्या लोकांनी हलगर्जीपणा केला, तर सगळं शेजारच्या एकल्शॉल गावाकडे सोपवायचं.

ऑगस्टच्या उन्हाळ्यात, नव्वदाव्या वर्षी, मुलीच्या घरी बसून हा माणूस स्टॅफर्डमधल्या जानेवारीचा विचार करत होता. कोळसा कुठल्याही महिन्यात दिला तरी दान झालंच असतं. पण ऑक्टोबरमध्ये दिलेला नोव्हेंबरात जळून जातो. त्या वर्षी तर थंडी अशी पडली की लंडनला थेम्स गोठली आणि नदीवर जत्रा भरली. त्या हिवाळ्याच्या सुरुवातीलाच तो गेला.

भिंतीपलीकडून एक गाडी धडधडत गेली, खिडकीची काच थरथरली. मधुरा शेजारी येऊन बसली.

"काका, आत्याआजीला नक्की काय काय जायचं हो?"

मला अर्धंच आठवत होतं. बार्शीला संध्याकाळचे साडेसात झाले होते. तिथूनच दादाला फोन लावला आणि संग्रहालयाच्या माहितीपत्रकाच्या मागे लिहायला घेतलं.

"ज्वारी पंधरा किलो," दादा म्हणाला. "तांदूळ पाच. तूरडाळ दोन, गूळ दोन, शेंगतेल तीन. दिवाळीला दोन नऊवारी, पण सुती, तिला पॉलिस्टर चालत नाही. संक्रांतीच्या आधी एक शाल, दर दोन वर्षांनी. चष्म्याचा नंबर वर्षाला एकदा बघायचा." मग जरा थांबला. "आणि चहापत्ती. अर्धा किलो. ती मागत नाही, पण संपली की दुपारची झोपून राहते. चहापत्ती आधी लिही."