गॅलरीतला दिवा

आज लिहायला बसले तेव्हा गॅलरीतला दिवा बंद आहे, हे आधी लिहून ठेवते, कारण गेल्या तीन आठवड्यांत जे काय बदललं ते तिथूनच सुरू झालंय.

त्याआधीचे दिवस खरंच वाईट होते. झोप यायची नाही, मग मोबाईल हातात, कुठे जंगल पेटलंय, कुठे पूर, कुठे समुद्रातली पोवळी पांढरी पडतायत, एक बातमी संपली की दुसरी. आयपीबीईएस या जैवविविधतेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१९ च्या अहवालातला तो आकडा, सुमारे १० लाख प्रजाती नामशेष होण्याच्या वाटेवर, तो तर डोक्यातून जातच नव्हता. आणि २०२४ हे पहिलं अख्खं वर्ष ज्यात जगाचं सरासरी तापमान कारखान्यांच्या युगाआधीपेक्षा दीड अंशाहून जास्त होतं. हे सगळं वाचायचं, छातीत धडधडायचं, सकाळी दमलेल्या अंगाने उठायचं आणि दिवसभर त्याबद्दल काहीच करायचं नाही. मैत्रीण म्हणाली अगं बातम्या बंद कर, जरा स्वतःकडे बघ. पण बघणंच सोडून दिलं की बरं वाटेल हे मला पटेना. या सगळ्यावर माझा जीव आहे म्हणून तर काळजी वाटते ना.

तरी तिचं थोडं ऐकलं. रात्री दहा मिनिटं मोबाईल आत ठेवून गॅलरीत बसायचं, नुसतं श्वासाकडे लक्ष. पहिल्याच रात्री लक्ष गेलं ते दिव्याकडे. एक छोटा करडा पतंग त्याच्याभोवती गरगर फिरत होता, थांबतच नव्हता, आणि खाली फरशीवर दोन मरून पडलेले. मला लहानपणापासून वाटायचं की पतंगाला उजेड आवडतो, तो दिव्यावर भाळतो वगैरे. नंतर वाचलं की तसं नाहीये. नेचर कम्युनिकेशन्स या विज्ञान नियतकालिकात जानेवारी २०२४ मध्ये एक संशोधन आलंय, त्यांनी हाय-स्पीड कॅमेऱ्याने पाहिलं की उडणारे किडे उजेडाकडे आपली पाठ करतात. कारण रात्री आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, म्हणजे जिकडे उजेड तिकडे वर, असं त्यांचं साधं गणित. आपण मध्येच दिवा लावला की ते त्याच्याकडे पाठ वळवत राहतात आणि तिथेच घिरट्या घालत अडकतात. भाळणंबिळणं काही नाही, त्या जीवाला वर कुठे आणि खाली कुठे हेच कळेनासं झालेलं असतं. हे वाचून मला फार वाईट वाटलं, कारण तो दिवा मी काहीच कारण नसताना रात्रभर चालू ठेवत होते.

आणि तोच उजेड खिडकीतून माझ्या बिछान्यावर पडत होता. रात्रीच्या उजेडाने शरीरात मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक कमी बनतं, झोप उशिरा लागते, हे माहीत होतं की मला, पण कधी जोडून बघितलंच नव्हतं. एक बटण, आणि दोघांना अंधार मिळाला, तिला पण मला पण (पतंगाला मनातल्या मनात 'ती' म्हणायला लागलेय, का ते माहीत नाही). आता साडेअकराला झोप लागते, रोज नाही, पण लागते.

मग जिन्यातला पांढरा झगझगीत दिवा डोळ्यांवर यायला लागला. शेजारच्या काकांशी बोलले. ते म्हणाले अंधारात कोणी पडलं तर? बरोबरच आहे त्यांचं, त्यांचे गुडघे दुखतात. बोलता बोलता ठरलं की पिवळसर, खाली तोंड असलेला दिवा लावायचा आणि त्याला सेन्सर, माणूस आला की लागेल. निळसर पांढऱ्या उजेडाचा किड्यांना जास्त त्रास होतो. रात्री उमलणाऱ्या कितीतरी फुलांचं परागीभवन हे पतंगच करतात, वटवाघळांचं पोट त्यांच्यावर, पक्ष्यांच्या पिल्लांचं त्यांच्या अळ्यांवर, हे सांगितल्यावर काका म्हणाले मग उद्याच बघू.

एका दिव्याने पृथ्वी थंड होत नाही, हे मला कळतं. कोळसा आणि तेलाचे निर्णय मोठ्या टेबलांवर होतात आणि तिथे दबाव लागतोच, म्हणून मत देताना, पत्र लिहिताना मी मागे राहणार नाही. पण ते करायला अंगात बळ हवं आणि न झोपलेल्या, सतत अपराधी वाटणाऱ्या माणसाच्या अंगात ते नसतं, निदान माझ्या तरी नव्हतं. सेल्फ-केअर म्हणून नवीन वस्तू मागवायची सवयही त्यामुळेच सुटतेय, कारण त्याने दोन दिवस बरं वाटायचं फक्त.

अजून एक, फ्रिज. आठवड्यातून एकदा शांतपणे उघडून बघते काय आधी संपवायला हवं. २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त घराघरांतून, हे वाचल्यापासून. जे उरतंच ते खताच्या डब्यात.

आज संध्याकाळी कुंडीतल्या रोपाची तीन पानं कुरतडलेली दिसली. आधी असतं तर लगेच औषध फवारलं असतं. पान उलटून बघितलं, अळी आहे, हिरवीगार, नखाएवढी. तशीच ठेवलीय. उद्या उठल्यावर आधी तिला बघायचंय.