मेजर, देश लष्कराकडं द्यायला काय हरकत आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर चहा पिताना विचारलंत, कँटीनच्या रांगेत विचारलंत, परवा भाचीच्या लग्नात जेवायला बसलो तर तिथंही विचारलंत. "मेजर, पाच वर्षं देश लष्कराच्या ताब्यात द्या, सुतासारखा सरळ होतो का नाही बघा. तुम्ही फौजी असून नको म्हणता?" मी मेजर नव्हतो. 28 वर्षं नोकरी करून 2009 साली नायब सुभेदार म्हणून घरी आलो. आपल्याकडं वर्दी घातलेल्याला प्रेमानं मेजरच म्हणतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढच्या बोलण्याबद्दल आहे. मी दोन वाक्यं बोललो की कुणीतरी म्हणतंच, "मेजर आता पुढाऱ्यांची बाजू घ्यायला लागले." मी कुणाही पुढाऱ्याच्या बाजूचा नाही. कॅनॉलचं पाणी टेलला का येत नाही म्हणून ग्रामसभेत सगळ्यांच्या आधी मीच उभा राहतो, हे तुम्ही पाहिलंय.

फौजेला नावं ठेवतोय असंही समजू नका. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंगे गावचे 46 जवान पडले, त्यांच्या नावाचा दगड बघत आम्ही मोठे झालो. 1981 साली बेळगावच्या सेंटरला कसम परेड झाली तो दिवस आजही माझ्या डोळ्यांसमोर तसाच आहे. ऑगस्ट 2019 ला कृष्णेला पूर आला तेव्हा माझी बहीण भिलवडीच्या बाजूला दोन रात्री माळ्यावर बसून होती. लष्कराची बोट आली, तिला बाहेर काढलं. ती अजून म्हणते, देवासारखी आली पोरं. आली, काम केलं, पाणी उतरलं तशी निघून गेली. आता समजा गेलीच नसती तर? पंचनाम्यात कुणाचं घर घ्यायचं ते कॅम्पातला साहेब ठरवणार, आणि त्यानं तुमचं घर वगळलं तर दाद मागायला ना तलाठी, ना आमदार, ना कोर्ट. तुम्हाला लष्कर आवडतं, त्यात ते परत जातं याचा मोठा वाटा आहे.

पण खरं सांगायचं तर एके काळी मीही हेच बोलायचो. 12 ऑक्टोबर 1999 ला पाकिस्तानात लष्करप्रमुख मुशर्रफनं सरकार उलथलं. कारगिल संपून तीन महिनेही झाले नव्हते. ज्या माणसापायी आमची पोरं गेली, त्याच्याबद्दल बराकीत बसून मी म्हणालो होतो, "दुश्मन असला तरी काम मर्दाचं केलं. आपल्याकडं असा एक पाहिजे." तिकडं लोकांनी मिठाई वाटल्याच्या बातम्या आल्या. मला त्या खऱ्या वाटतात, लोक कंटाळलेले असणार. पण 2007 च्या मार्चमध्ये त्यानं सरन्यायाधीशाला घरी बसवलं तेव्हा काळे कोट घातलेले वकील रस्त्यावर लाठ्या खात होते, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यानं आणीबाणी लावली. त्याच्या आधीचा लष्करशहा जनरल झिया. 1977 च्या जुलैत 90 दिवसांत निवडणूक घेतो म्हणाला आणि 1988 ला विमान पडून मेला तोवर तोच होता. तुम्ही पाच वर्षं म्हणता. पाच वर्षं झाली, आता उठा, हे त्याला सांगायला जाणार कोण?

मणिपुरात पोस्टिंग होतं तेव्हा सीमेवरच्या मोरे गावाला जाणं व्हायचं. पलीकडं ब्रह्मदेश, तिथं तेव्हाही लष्कराचंच राज्य. मोरेत तमिळ लोकांची वस्ती आहे हे बघून मी चकित झालो होतो. ते मूळचे रंगूनकडचे व्यापारी. 1962 ला जनरल ने विननं सत्ता घेतली, पुढं दुकानं, गोदामं सरकारजमा केली, आणि हे लोक हाकलले गेले. त्यातल्या एका म्हाताऱ्या दुकानदारानं गल्ल्याच्या काचेखाली 75 क्यातची, म्हणजे ब्रह्मदेशी चलनाची, एक नोट ठेवली होती. 1987 च्या सप्टेंबरात 25, 35 आणि 75 च्या नोटा एका दिवसात रद्द झाल्या, बदल्यात काही मिळालं नाही. नंतर 45 आणि 90 च्या नोटा काढल्या, कारण नऊ हा आकडा जनरलला लाभतो म्हणत. त्या दुकानदारानं काचेवर बोट ठेवून हिंदीत विचारलं, "हे चुकीचं आहे असं त्याच्या तोंडावर कोण म्हणणार होतं?" पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये पोरं रस्त्यावर आली, त्यांच्यावर गोळ्या घातल्या. 1990 ला निवडणूक घेतली, विरोधक प्रचंड मतांनी जिंकले, तरी सत्ता दिली नाही. 1 फेब्रुवारी 2021 ला परत तेच झालं. त्या वेळी लोक रात्री आठ वाजता घराघरांतून भांडी वाजवत होते. टीव्हीवर ते बघताना मला ती काचेखालची नोट आठवली.

तुम्ही म्हणाल, तो परका देश, आपलं लष्कर तसलं नाही. मलाही तसंच वाटतं, आणि तसंच वाटत राहावं असं वाटतं. म्हणून आता ती गोष्ट सांगतो, जी बायकोशिवाय कुणाला सांगितलेली नाही.

शहराचं नाव आणि साल सांगणार नाही. दंगल पोलिसांच्या हाताबाहेर गेली होती. मॅजिस्ट्रेटनं लेखी मागणी केली आणि आमची कंपनी उतरली. कायदा तसाच आहे. मुलकी अधिकाऱ्यानं बोलवायचं, कमीत कमी बळ वापरायचं, काम झालं की परत. मी हवालदार होतो. जुन्या वस्तीतला एक चौक माझ्या सेक्शनकडं दिला.

पहिल्या दिवशी गॅलऱ्यांतून लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहाचे थर्मास खाली सोडले, पोळी-भाजी आली. एका आजीनं वरून बोटं मोडून नजर काढली. माझ्या पोरांची छाती फुगली, माझीही फुगली. दुसऱ्या दिवशीही चहा आला. चौथ्या दिवशी खिडक्या बंद होत्या. आमच्यावर कुणी दगड मारला नव्हता, आम्हीही कुणावर गोळी चालवली नव्हती. फक्त चार दिवस दूध नव्हतं, औषध नव्हतं, आणि दाराबाहेर पाय टाकला की आम्ही ओरडत होतो.

कर्फ्यूला ढील मिळायला वीसेक मिनिटं होती. एका बोळातून एक म्हातारा आला. धोतर, वर स्वेटर, हातात दुधाची स्टीलची किटली, झाकण सुतळीनं बांधलेलं. मी ओरडलो, थांब. तो थांबला. मी म्हणालो, मागं फिर. तो फिरला नाही. शांतपणे म्हणाला, नातू तापानं फणफणलाय, डेअरी त्या कोपऱ्यावर आहे, इथून दिसते. मी म्हणालो, ऑर्डर नाही. त्यावर त्यानं विचारलं, "ऑर्डर लिखित में है? दिखाइए."

एवढंच. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. माझ्याकडं लेखी काही नव्हतं. माझे दहा जवान माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि मला कळत होतं की खिडक्यांच्या फटींतूनही बघतायत. माझ्या कानशिलांत रक्त आलं. मी त्याला चौकाच्या मधोमध नेलं आणि उकिडवं बसवून कान धरायला लावले. किटली त्याच्या समोर ठेवली.

पाच मिनिटांत उठवीन असं मनात होतं. उठवलं नाही. एकदा बसवल्यावर लगेच उठवलं तर चौकात काय वजन राहील, असं वाटलं. ढीलचा भोंगा झाला, लोक बाहेर पडले, त्याला वळसा घालून दुकानांकडं गेले. खाली माना घालून गेले. एक बाई तेवढी पदर तोंडाशी धरून म्हणाली, "मास्टरजी हैं, साहब." त्या गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली शिकलेली होती. शिकलेल्यांतला एकही माझ्याशी बोलला नाही. तासभर झाला असेल. मी जाऊन म्हणालो, उठा. त्यांना उठता येईना. मी हात पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. दोन्ही हात रस्त्यावर टेकून, गुडघे सरळ करत उठले. किटली उचलली. झाकणाची सुतळी सैल झाली होती, ती नीट बांधली. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "अब जाऊँ?"

लेखी ऑर्डर मागणारा माणूस तासाभरानं घरी जायची परवानगी मागत होता. डेअरीवरचं दूध तोवर संपलं होतं. ते रिकामी किटली घेऊन गेले.

संध्याकाळी वर रिपोर्ट दिला, चौक शांत. साहेबांनी शाबासकी दिली, आणि खोटं नव्हतंच, चौक शांत होता. पुढचे सहा दिवस तिथं चिटपाखरू हललं नाही. तुम्ही ज्या शांततेची मला गोडी लावता ना, ती मी बघितली आहे. ती मी एका मास्तरांना कान धरायला लावून तयार केली होती.

मी नंतर स्वतःला पुष्कळ समजावलं. दंगल थांबली, माणसं वाचली, आमच्यामुळं वाचली. हेही खरं आहे. आम्ही नसतो तर त्या गल्लीत आणखी प्रेतं पडली असती, याबद्दल मला आजही शंका नाही. पण त्या मास्तरांना बसवल्यामुळं त्यांतला एकही जीव वाचला नाही. आणि मी काही क्रूर माणूस नव्हतो. घरी पत्र लिहिताना माझे डोळे भरून यायचे. चार दिवसांत मला तसं व्हायला जमलं. ज्यांना पाच वर्षं देऊ म्हणता त्यांना काय काय जमेल?

माझे वडीलही मास्तर होते, प्राथमिक शाळेत. 1975 च्या डिसेंबरात, आणीबाणी चालू असताना, कराडला साहित्य संमेलन झालं, तिथं सायकलवरून गेले होते. दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या. केंद्रातले मंत्री असलेल्या यशवंतरावांच्या कराडात, त्यांच्यासमोर, दुर्गाबाईंनी आणीबाणीला विरोध करणाऱ्या जयप्रकाश नारायणांच्या तब्येतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं आणि मंडप उभा राहिला. वडील घरी येऊन हे आईला सांगत होते ते मला आठवतं. सांगण्याआधी त्यांनी उठून दार लावून घेतलं होतं. मी बारा वर्षांचा होतो, विचारलं, दार का लावलं? म्हणाले, "हळू बोल." पुढं दुर्गाबाईंना अटक झाली. ती लष्करी राजवट नव्हती, मान्य. तरी कचेऱ्यांतली माणसं वेळेवर यायची, म्हणून तरुणपणी मी वडिलांशी वाद घालायचो, की तेवढं एक चांगलं होतं. वडील ऐकून घ्यायचे आणि उठून जायचे. त्या चौकानंतर मी तो वाद परत घातला नाही, पण चुकलो असंही त्यांना कधी म्हणालो नाही. ते 2003 ला गेले.

आणखी एक. राज्यघटनेचं कलम 33 आणि आर्मी ॲक्टमधलं कलम 21 यांमुळं जवानाला सभा, संघटना, वर्तमानपत्रात बोलणं यावर बंधनं असतात. ती मी 28 वर्षं पाळली, मनापासून पाळली. फौजेत ते लागतंच, गोळीबारात ग्रामसभा भरवता येत नाही. पण ते मी स्वखुशीनं सही करून दिलं होतं. त्या मास्तरांनी कुठं सही केली होती? माझ्या बहिणीनं कुठं केली? आणि तुम्ही तरी कुठं केलीत? मला हे विचारणाऱ्यांत माजी सैनिकही आहेत, त्यांना तर जास्त सांगणं आहे. वन रँक वन पेन्शनसाठी, म्हणजे सारख्या हुद्द्याला आणि सारख्या नोकरीला सारखं पेन्शन मिळावं म्हणून, 2015 ला आपण जंतरमंतरवर बसलो. मीही दोन दिवस बसून आलो. 14 ऑगस्टला पोलिसांनी म्हाताऱ्या, मेडल लावलेल्या माणसांना तिथून उठवायचा प्रयत्न केला तेव्हा तुम्ही सगळे चिडला होतात ना? तरी आपण बसून राहिलो आणि 5 सप्टेंबरला सरकारला घोषणा करावी लागली. तुम्हाला हवी तशी राजवट असती तर त्या दिवशी आपल्याला कान धरून बसवणारा हवालदार माझ्यासारखाच कुणीतरी असता.

तरीही मोर्च्यात एसटी जळते तेव्हा माझे हात शिवशिवतात. लाच घेणाऱ्या बाबूला बघितलं की वाटतं, एक सेक्शन द्या मला, आठ दिवस द्या. हे अजून गेलेलं नाही, म्हणून तुमच्यावर ओरडायचा अधिकार मला किती आहे ते मला माहीत नाही.

बायकोला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून तिनं विचारलं, "त्या मास्तरांनी आल्या आल्या हात जोडले असते, तर सोडलं असतंत?"

मी म्हणालो, "सोडलं असतं. डेअरीपर्यंत एक जवान सोबत दिला असता."

"मग बाहेर आले म्हणून नाही बसवलंत तुम्ही त्यांना," ती म्हणाली, आणि परत भाजी निवडायला लागली.