शिल्लक दिसत होती, पण ती आमची नव्हती

लेखाधिकारी म्हणून मी त्या विभागात रुजू झाले तेव्हा आर्थिक वर्षाचे सात महिने उलटले होते. पहिल्याच दिवशी मासिक खर्चाचा तक्ता सहीला आला. तरतुदीच्या ५६ टक्के खर्च, ४४ टक्के शिल्लक. बारापैकी सात महिने गेलेत म्हटल्यावर आकडा ठीकच वाटला. मी सही केली. त्या सहीची रुखरुख अजून जात नाही.

आठवड्याभरात एक कंत्राटदार इमारत दुरुस्तीचं देयक घेऊन आले. काम पाच महिन्यांपूर्वीच पूर्ण झालेलं, मोजमापं आणि पूर्णत्वाचा दाखला जोडलेला. "मॅडम, माणसांची मजुरी मी व्याजाने पैसे काढून दिलीय," एवढंच ते म्हणाले. त्यांचा मूळ आदेश शोधायला मी शाखेतलं कपाट उघडलं. एकाच फायलीत त्याच लेखाशीर्षाखालचे, म्हणजे खर्चाच्या त्याच प्रकाराच्या खात्यातले, आणखी अकरा आदेश निघाले. सगळ्यांवर सह्या, जावक क्रमांक, तारखा. देयक मात्र एकाचंही आलेलं नव्हतं. मी तिथेच उभ्याउभ्या बेरीज केली. ती त्या शीर्षाच्या शिल्लक रकमेपेक्षा जास्त भरली.

आमचं चुकत होतं ते इथे. तरतूद मंजूर होते, निधी वाटला जातो, आदेश निघतो, काम किंवा माल मिळाल्याची पडताळणी होते, देयक तयार होतं आणि शेवटी पैसे जातात. आमचा तक्ता फक्त ही शेवटची पायरी मोजत होता. पण सरकारच्या गळ्यात देणं पडतं ते आदेशावर सही होते तेव्हा. त्यानंतर पैसे अडवून खर्च वाचत नाही, फक्त थकबाकी वाढते आणि तिचा भार समोरच्या माणसावर पडतो. सार्वजनिक वित्त व्यवस्थेचं मूल्यमापन करणाऱ्या 'पेफा' या आंतरराष्ट्रीय चौकटीत थकीत देयकांसाठी वेगळा निर्देशकच आहे. थकबाकी एकूण खर्चाच्या २ टक्क्यांच्या आत राहिली तरच सर्वात वरची श्रेणी मिळते. देणी वेळेवर चुकवणं हा कारभाराच्या प्रामाणिकपणाचा भाग आहे, असं मी मनापासून मानते.

मग दायित्व नोंदवही सुरू केली, म्हणजे आदेश निघाला की अंगावर आलेलं देणं लिहून ठेवायची वही. मागचे आदेश गोळा करण्यातच तीन आठवडे गेले, कारण प्रत्येक शाखेची कपाटं वेगळी आणि फायली लावायच्या पद्धतीही वेगळ्या. नोंदवहीत रकाने मोजकेच ठेवले: लेखाशीर्ष, आदेशाची तारीख, रक्कम, काम कधी पूर्ण होणार, किती देऊन झालं, किती बाकी. नियम एकच. माझ्याकडून दायित्व क्रमांक घेतल्याशिवाय एकही आदेश जावकला जाणार नाही.

याला विरोध झाला. एक ज्येष्ठ शाखाप्रमुख तावातावाने म्हणाले, "शिल्लक दिसतेय ना तक्त्यात? मग आमची कामं कशाला अडवता?" मी नोंदवही त्यांच्यापुढे ठेवली आणि त्यांच्याच शाखेच्या ओळी वाचून दाखवल्या. पाचव्या ओळीनंतर त्यांनी चष्मा काढून खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शाखेतून मला ठाऊकच नसलेले दोन आदेश आले, त्यांनी स्वतःहून पाठवलेले. त्या माणसाबद्दल मला आदर वाटला.

दूरध्वनी, वीज, देखभालीचे वार्षिक करार यांच्याकडे माझंही आधी दुर्लक्ष झालं होतं. त्यांना दरमहा वेगळा आदेश लागत नाही, म्हणून ते नोंदीतून निसटतात. उरलेल्या महिन्यांची त्यांची पूर्ण रक्कम एकदम दायित्वात धरली, तेव्हा कुठे खरी शिल्लक कळली.

कोषागाराच्या आकड्यांशी ताळमेळ घ्यायला बसलो तेव्हा आणखी एक गाठ सुटली. आमच्या नोंदींपेक्षा तिथला खर्च जास्त दिसत होता. प्रमाणकं, म्हणजे पैसे दिल्याचे कागद, एकेक करून जुळवली. तीन प्रमाणकं दुसऱ्याच कार्यालयाची होती. लेखाशीर्षाच्या संकेतांकातला एक अंक चुकला आणि खर्च आमच्या नावावर पडला. दुरुस्तीचा प्रस्ताव गेला आणि थोडी रक्कम मोकळी झाली. हा ताळमेळ दर महिन्याला झाला असता तर तीन प्रमाणकांसाठी चार दिवस खपावं लागलं नसतं.

उरलेल्या तुटीसाठी प्रवास आणि छपाईतली बचत पुनर्विनियोजनाने, म्हणजे एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात, वळवायचा प्रस्ताव केला. तो सोबतच्या नोंदवहीमुळे लवकर मंजूर झाला. वरिष्ठांना नुसती मागणी नको होती, कोणाचं किती देणं आहे हे नावानिशी हवं होतं. दुरुस्तीवाल्या कंत्राटदारांचे पैसे अकराव्या महिन्यात गेले.

शेवटच्या महिन्यात वेगळाच दबाव आला. काही शीर्षांत थोडी रक्कम उरली होती आणि ती व्यपगत होण्याआधी, म्हणजे वर्ष संपताच हातची जाण्याआधी, काहीतरी खरेदी करा, असा आग्रह सुरू झाला. ही ओढ सगळीकडेच आहे. जेफ्री लिबमन आणि नील महोनी यांनी अमेरिकेतल्या केंद्रीय सरकारी खरेदीचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातला खर्च इतर आठवड्यांच्या सरासरीच्या जवळपास पाचपट निघाला, आणि त्या घाईत घेतलेल्या माहिती तंत्रज्ञान प्रकल्पांचा दर्जाही कमी आढळला. मी गरज तपासली. जिथे ती नव्हती तिथली रक्कम समर्पित केली, म्हणजे सरकारला परत केली. पुढच्या वर्षी तरतूद कापली जाईल ही भीती सहकाऱ्यांना होती आणि ती खोटी नाही. तरीही नको असलेल्या वस्तूच्या आदेशाला मी क्रमांक दिला नाही.

वर्ष संपलं तेव्हा दोन आदेशांचं देणं राहूनच गेलं. त्यांचं काम पूर्ण झालं होतं, पण त्या उपशीर्षात पैसेच उरले नव्हते. दोन्ही पुरवठादारांना मी स्वतः फोन करून खरी परिस्थिती सांगितली. नव्या वर्षाच्या नोंदवहीत पहिल्या दोन ओळी त्यांच्याच आहेत. निधीवाटप झालं त्याच आठवड्यात दोन्ही देयकं पारित केली.