कोरा कागद घेऊन केलेली पर्यावरणशास्त्राची उजळणी

पेपरला तेवीस दिवस उरले होते आणि 'पृथ्वीच्या प्रणाली आणि संसाधने' हे प्रकरण मी तिसऱ्यांदा वाचत होते. भूपट्ट, माती, वातावरण, वारे, ऋतू, पाणलोट, एल निनो. शब्द ओळखीचे होते, आकृत्या पाहिलेल्या होत्या आणि वाचताना सगळं येतंय असंच वाटत होतं. मग एका रात्री पुस्तक मिटलं, कोरा कागद पुढे ओढला आणि वर लिहिलं: 'उन्हाळा का होतो?'

तीन ओळी झाल्या आणि पेन थांबलं. पृथ्वीचा आस 23.5 अंशांनी कललेला आहे, हे लिहून झालं होतं. पण कलल्यामुळे नेमकं काय होतं? 'सूर्याच्या जवळ जातो' असं लिहायला हात निघाला होता. पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत लांब, सुमारे 15.2 कोटी किलोमीटरवर असते. उत्तर गोलार्धात जानेवारी थंडीचा आणि जुलै उन्हाळ्याचा. हे दोन्ही आकडे मला पाठ होते, तरी मनात घट्ट बसलेली 'जवळ म्हणजे गरम' ही समजूत त्यांनी हलली नव्हती.

त्या रात्रीपासून उजळणीची पद्धत बदलली. रोज एक प्रश्न, एक कोरा कागद. पेन जिथे थांबेल तिथे लाल खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी फक्त त्या खुणेचा अभ्यास.

ऋतूंच्या खुणेसाठी टॉर्च आणि आलेखाचा कागद घेतला. आठवीतली भाची सोबतीला बसली. तिने टॉर्च कागदावर सरळ धरला, मी उजेडाच्या गोलात येणारे चौकोन मोजले. मग कागदाशी 30 अंशांचा कोन होईल इतका टॉर्च तिरपा केला. गोल लांबुळका झाला, कडेला फिका पडला, आणि चौकोन जवळजवळ दुप्पट भरले. टॉर्च तोच, सेल तेच, उजेड तेवढाच. फक्त तो दुप्पट जागेवर पसरला होता, म्हणजे एकेका चौकोनाच्या वाट्याला निम्माच येत होता. त्यात उन्हाळ्यात दिवसही मोठा, म्हणजे तापायला वेळही जास्त. तिरपे किरण आणि लहान दिवस यांपुढे 50 लाख किलोमीटरचा फरक फिका पडतो, हे मला चौकोन मोजताना पटलं.

वातावरणाच्या थरांना फार वेळ लागला नाही, पण एक गोष्ट आधीच कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. तपांबर, स्थितांबर, मध्यांबर अशी नावं ओळीने पाठ करण्याऐवजी तापमानाची एक वाकडीतिकडी रेघ काढायची आणि ती प्रत्येक वळणावर का वळते ते विचारायचं. तपांबरात वर जाताना दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश सेल्सिअसने तापमान उतरतं, कारण हवा मुख्यतः खालून, तापलेल्या जमिनीकडून तापते. स्थितांबरात रेघ उलटी वळते, कारण तिथला ओझोन अतिनील किरण शोषून स्वतःच तापतो. मध्यांबरात असा तापवणारा कुणी नाही, म्हणून रेघ पुन्हा उतरते. त्याही वर अतिविरळ हवा सूर्याची सर्वांत प्रखर प्रारणं शोषते आणि तापमान परत चढतं. चार थर, तीन वळणं. कारण कळलं की नावं आपोआप जागेवर बसतात.

वाऱ्यांनी मात्र मला सहा दिवस अडकवलं, आणि त्या सहा दिवसांबद्दल मला आजही समाधान वाटतं.

पहिला भाग सरळ होता. विषुववृत्तावर हवा तापते, वर चढते, थंड होते आणि तिच्यातलं बाष्प पाऊस होऊन पडतं. कोरडी झालेली हवा वरूनच ध्रुवांकडे निघते आणि साधारण 30 अंश अक्षवृत्तापाशी खाली उतरते. उतरताना दाबली जाते, म्हणून तापते आणि तिची सापेक्ष आर्द्रता घटते. ढग बनायला वाव राहत नाही. सहारा, अरबस्तान, कलहारी, ऑस्ट्रेलियातली वाळवंटं याच पट्ट्यांत का आहेत, ते कागदावर न अडखळता लिहिता आलं. पुढे मात्र लाल खूण झाली: ही हवा 30 अंशांवरच का उतरते? थेट ध्रुवापर्यंत का जात नाही?

उत्तर पृथ्वीच्या फिरण्यात आहे. विषुववृत्तावरची जमीन पूर्वेकडे ताशी सुमारे 1,670 किलोमीटर वेगाने धावते. 60 अंशांवर तोच वेग निम्मा, साधारण 835. विषुववृत्तावरून निघालेली हवा आपला पूर्वेकडचा वेग सोबत घेऊन निघते. जसजशी ध्रुवाकडे सरकते तसतशी खालची जमीन तिच्यापेक्षा मागे पडू लागते. त्यामुळे हवा पूर्वेला वळत वळत शेवटी जवळजवळ पूर्वेकडेच वाहू लागते आणि ध्रुवाकडची वाट अडते. परत येताना उलट घडतं. 30 अंशांवरून विषुववृत्ताकडे येणाऱ्या हवेला पूर्वेकडचा वेग कमी, खालची जमीन वेगवान. म्हणून हवा मागे पडते, म्हणजेच पश्चिमेकडे झुकते. पूर्वेकडून येणारे, म्हणून हेच पूर्वीय वारे. जॉर्ज हॅडली यांनी या वाऱ्यांचं कारण 1735 साली पृथ्वीच्या फिरण्याशी जोडलं. ज्यांचं नाव आपण या वळण्याला देतो त्या कोरिऑलिस यांचा निबंध त्यानंतर शंभर वर्षांनी, 1835 साली आला.

हे सगळं मी भाचीला उत्साहाने समजावलं. ती चेंडूवर पेनने रेघा ओढत ऐकत होती. मग म्हणाली, "मावशी, पण वारा आधीच सरळ पूर्वेला चालला असेल तर? त्याचं अक्षवृत्त बदलतच नाही. मग तो का वळेल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'वारा उत्तर गोलार्धात उजवीकडे वळतो' हा नियम सगळ्या दिशांना लागू असतो हे माहीत होतं, पण माझं स्पष्टीकरण फक्त उत्तर-दक्षिण जाणाऱ्या हवेपुरतं होतं. दोन दिवस मी यावरच घालवले. शेवटी लक्षात आलं ते असं: पूर्वेला जाणारी हवा म्हणजे पृथ्वीच्या आसाभोवती पृथ्वीपेक्षा जास्त वेगाने फिरणारी हवा. गोफण जोरात फिरवली की दगड बाहेर ओढ घेतो, तशी ती आसापासून दूर जाऊ पाहते. गोल पृथ्वीवर आसापासून दूर म्हणजे विषुववृत्ताकडे. उत्तर गोलार्धात पूर्वेला तोंड केलं की विषुववृत्त उजव्या हाताला. नियम तोच निघाला! भाचीला फोन करून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मग पश्चिमेला जाणारा वारा ध्रुवाकडे ओढ घेईल." बरोबर. तीही त्याची उजवीच बाजू.

याच काळात टेबलावर एक काचेची बरणी ठेवलेली होती. तिच्यात एक तृतीयांश माती, वर पाणी, आणि कण सुटे व्हावेत म्हणून भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. झाकण लावून जोरात हलवली आणि ठेवून दिली. मिनिटभरात तळाला जाड कण बसले, ती वाळू. दोन-तीन तासांत तिच्यावर गाळाचा मऊ थर आला. वरचं पाणी मात्र गढूळच राहिलं. दुसऱ्या दिवशी गढूळ, तिसऱ्या दिवशीही किंचित गढूळ. चिकणमातीचे कण 0.002 मिलिमीटरपेक्षा लहान असतात हे वाक्य मी कितीदा वाचलं होतं. पण इतके लहान म्हणजे किती, ते त्या न निवळणाऱ्या पाण्याने दाखवलं.

पाणी निवळल्यावर पट्टी लावली. एकूण थर 6 सेंटिमीटर: वाळू 1.8, गाळ 2.4, चिकणमाती 1.8. म्हणजे 30, 40 आणि 30 टक्के. या तीन टक्केवाऱ्यांवरून मातीचा प्रकार सांगणाऱ्या पोताच्या त्रिकोणात तीन रेघा ओढल्या, त्या चिकण पोयट्याच्या चौकटीत मिळाल्या. पोयटा म्हणजे तिन्हींची मिसळण असलेली माती. ओली चिकणमाती फुगते, त्यामुळे बरणीतलं तिचं माप थोडं जास्त येतं, हे ध्यानात ठेवायला हवं. पण त्या त्रिकोणाची भीती कायमची गेली.

मातीत माझी लाल खूण होती सच्छिद्रता (पोकळ्या किती) आणि पारगम्यता (पाणी किती सहज आरपार जातं) यांच्यावर. चिकणमातीत पोकळ्यांची एकूण जागा बहुधा वाळूपेक्षा जास्त असते, तरी तिच्यातून पाणी झिरपत नाही. हे वाक्य मला विसंगत वाटायचं. दोन नरसाळ्यांत फडकं घालून एकात वाळू, दुसऱ्यात चिकणमाती भरली आणि दोन्हींत सारखंच पाणी ओतलं. वाळूतून ते लगेच धार धरून खाली आलं. चिकणमातीवर तळं साचलं आणि बऱ्याच वेळाने एकेक थेंब टपकू लागला. जागा भरपूर, पण प्रत्येक पोकळी इतकी बारीक की पाणी कणांना धरूनच बसतं. त्याच कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून कॅल्शियम, पोटॅशियमसारखी पोषकद्रव्यंही ते धरून ठेवतात. निव्वळ वाळूत ती पाण्याबरोबर वाहून जातात, निव्वळ चिकणमातीत मुळांना हवा मिळत नाही. पोयट्याचं एवढं कौतुक का, ते इथे कळलं. आणि दोन-तीन सेंटिमीटर सुपीक माती बनायला शेकडो वर्षं लागतात हे आठवून ती बरणी ओतून देताना हात जड झाला.

भूपट्टांवर, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकणाऱ्या तुकड्यांवर, मी एकच दिवस दिला. दूर जाणारे, एकमेकांवर येणारे, घासत सरकणारे असे तीन प्रकार, आणि प्रत्येकाला एकेक जागा: अटलांटिकच्या मध्याची पर्वतरांग, हिमालय, कॅलिफोर्नियातला सॅन अँड्रियास प्रस्तरभंग. वेग वर्षाला काही सेंटिमीटर. एक गोष्ट मात्र रेंगाळली. आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञांनी 1912 साली खंड सरकतात असं मांडलं, पण ते कशाच्या जोरावर, हे त्यांना पटेल असं सांगता आलं नाही. 1930 साली ग्रीनलंडच्या मोहिमेत त्यांचा मृत्यू झाला. 1950च्या दशकात मेरी थार्प यांनी सागरतळाच्या खोलीच्या नोंदींवरून नकाशा काढताना अटलांटिकच्या रांगेच्या माथ्यावर लांबच लांब खचदरी ओळखली. त्यांच्या सहकाऱ्यालाही ते आधी मान्य नव्हतं. ती दरी म्हणजे तळ फाकत असल्याची खूण होती.

एल निनो मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला होता, कारण त्यात आधीचं सगळं लागतं. एरवी पूर्वीय वारे प्रशांत महासागराचं उबदार पाणी पश्चिमेला लोटतात, इतकं की तिकडची समुद्रपातळी सुमारे अर्धा मीटर जास्त असते. पेरूच्या किनाऱ्याला खालून थंड, पोषकद्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं आणि मासळी पोसते. वारे मंदावले की उबदार पाणी पूर्वेकडे सरकतं, आणि पाऊसही त्याच्यामागे जातो. हाच एल निनो. माझं पेन थांबलं ते 'आधी काय?' या प्रश्नावर. वारे मंदावले म्हणून पाणी सरकलं, की पाणी सरकलं म्हणून वारे मंदावले? दोन्ही. पूर्व-पश्चिम तापमानातला फरक कमी झाला की वारे ढिले पडतात, वारे ढिले पडले की फरक आणखी कमी होतो. 1904 साली भारतात आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी मान्सूनचा अंदाज शोधता शोधता हवेच्या दाबातला झोका ओळखला: एकीकडे दाब वाढला की दुसरीकडे घटतो. समुद्राशी त्याची ही साखळी जेकब बियर्कनेस यांनी 1969 साली जोडून दाखवली. 'एल निनो म्हणजे दुष्काळ' असं मी वहीत लिहिलं होतं, ते खोडलं. 1997 साली अतिशय तीव्र एल निनो होता आणि भारतात मान्सूनचा पाऊस सरासरीच्या आसपास झाला. तिथे आता 'शक्यता वाढते' असं लिहिलेलं आहे.

पाणलोट क्षेत्र मी सोपं समजून सोडलं होतं. पेपरात नेमका प्रश्न त्यावरच आला: उतारावरची झाडं तोडल्यास खालच्या धरणावर काय परिणाम होईल? क्षणभर धस्स झालं. मग नरसाळी आठवली. झाडं आणि पालापाचोळा गेला की पावसाचा मारा उघड्या मातीवर बसतो, वरची छिद्रं बुजतात, पाणी मुरायचं सोडून वाहतं, पूर लवकर आणि उंच येतो. इथवर लिहून झालं आणि पुढचं बरणीने सुचवलं. वाहून आलेली वाळू जलाशयाच्या तोंडाशीच बसेल, कारण तिथे पाण्याचा वेग पडतो. गाळ त्याच्या पुढे. आणि चिकणमातीचे कण सर्वांत लांब, पार भिंतीजवळच्या शांत पाण्यापर्यंत जातील आणि तिथे कितीतरी दिवस तरंगत राहतील. बाजूला जलाशयाचा उभा छेद काढला, तीन थर दाखवले आणि भिंतीजवळच्या पाण्यात बारीक ठिपके दिले.

पेपर देऊन आल्यावर भाचीला ती आकृती पुन्हा काढून दाखवली. ठिपक्यांवर बोट ठेवून तिने विचारलं, "हे बसायला किती दिवस लागतात?"

बरणी पुन्हा भरून ठेवली आहे. या वेळी साबण न घालता.